'मॅडम, इसको ज़रा समझा दो': शाळेत समुपदेशकाने आपली हद्द कशी आखायची

इंदूरच्या शाळेत समुपदेशक म्हणून रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात हे वाक्य दारातून आत येतं. सोबत दंडाला धरून आणलेलं एक पोरगं. तुम्ही समजावता. दुसऱ्या दिवशी दोघं येतात. दिवाळीपर्यंत तुमची खोली म्हणजे वर्गाबाहेर काढलेल्यांचं बाकडं होते आणि ज्याला खरंच बोलायचंय ते मूल तिकडे फिरकतही नाही.

मग हद्द आखायचं सुचतं. बहुतेकजणी ती नेमक्या वाईट वेळी आखतात: एखादं प्रकरण गळ्याशी आल्यावर, प्राचार्यांच्या टेबलासमोर उभं राहून, आवाज चढवून. तेव्हा तुमचं म्हणणं सोळा आणे खरं असलं तरी ऐकणाऱ्याला त्यात कामचुकारपणा दिसतो. तेच म्हणणं जूनमध्ये, कुठलंही मूल मध्ये नसताना, एका कागदावर मांडलं तर ती शाळेची व्यवस्था ठरते. म्हणून खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. मी पहिल्या वर्षी एकदम चौथीवर उडी मारली होती, त्याची फजिती पुढे येईलच.

१. एप्रिल: दोन आठवडे नुसती नोंद

सत्र १ एप्रिलला सुरू होतं, मे-जूनची सुट्टी मध्ये येते. एप्रिलमध्ये काही बदलायला जाऊ नका, फक्त टिपून ठेवा.

आधी नेमणूकपत्र काढून पुन्हा वाचा. खाजगी शाळांच्या पत्रात शेवटी बहुधा एक ओळ असते: 'तथा प्रबंधन द्वारा सौंपे गए अन्य कार्य'. सगळी बस ड्यूटी, सगळी अरेंजमेंट (गैरहजर शिक्षकाचा पिरियड सांभाळणं) याच भोकातून आत येतात. ती ओळ काढून घ्यायला भांडू नका, कोणी काढत नाही. 'अन्य कार्य' म्हणजे आठवड्याला किती, एवढंच ठरवून घ्यायचं आहे आणि त्यासाठी हातात वही लागते.

वहीत चार रकाने पुरतात: वेळ, काम, कोणी सांगितलं, किती मिनिटं. मुलांची नावं यात अजिबात नकोत, ही वही उद्या प्राचार्यांना दाखवायची आहे. माझ्या वहीत समुपदेशनाच्या भेटींपेक्षा अरेंजमेंटचे पिरियड जास्त निघाले. स्नेहसंमेलनाचं निवेदन, प्रवेशाच्या दिवशी पालकांना शाळा दाखवणं, बारावीच्या पेपरांचं फोटोकॉपीचं बंडल, हे वेगळंच. तोंडी सांगितलं असतं तर ती नुसती कुरकुर झाली असती. वही टेबलावर ठेवली तेव्हा मॅडमनी स्वतःच बेरीज केली.

तपासा: वहीत निदान दहा कामाचे दिवस आहेत ना? परीक्षेचा किंवा कार्यक्रमाचा आठवडा निवडला असेल तर ती नोंद कोणी मानणार नाही. साधा आठवडा घ्या.

२. सुट्टीत: भूमिकेचा एकपानी कागद

एक पान. दोन झाली की कोणी वाचत नाही. भाषा शाळेच्या कारभाराची ठेवा, हिंदी असेल तर हिंदी. पानावर तीन भाग करा: काय करते, काय ठरवून घेतल्यास करते, काय करत नाही.

पहिला भाग सोपा आहे. मुलांना एकेकटं भेटणं, छोट्या गटात काम, वर्गात जीवनकौशल्यांचे तास, पालकांच्या भेटी, दहावीनंतर शाखा निवडताना मदत, शिक्षकांना सल्ला, बाहेरच्या तज्ज्ञाकडे पाठवणं. फक्त प्रत्येकापुढे आठवड्याचे तास लिहा. तास नसलेला कागद म्हणजे नुसती शुभेच्छापत्रिका.

दुसऱ्या भागात जरा मन मोठं ठेवावं, असं माझं मत आहे. 'अरेंजमेंट घेणार नाही' असं सरसकट लिहिणाऱ्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. स्टाफरूममध्ये त्या कायमच्या परक्या झाल्या. शिक्षक मुलं पाठवतात ते तुमच्यावरच्या भरवशाने, आणि तो भरवसा फाटकावरच्या ड्यूटीतही कमावला जातो. मी आठवड्याला दोन अरेंजमेंट लिहून देते, पण मधल्या सुट्टीत आणि त्यानंतरच्या पिरियडला नाही. मूल आपणहून दार ठोठावतं ते त्याच वेळी. ती वेळ गेली की बाकी सगळे तास मोकळे असूनही उपयोग नाही.

तिसऱ्या भागात पुढच्या गोष्टी नावानिशी याव्यात:

- शिस्त समितीत बसणं, शिक्षा ठरवणं, मुलाकडून कबुलीजबाब काढणं. मंगळवारी ज्याच्या निलंबनावर तुम्ही सही केलीत, तो बुधवारी तुमच्याकडे रडायला येणार नाही. आणि त्याचे मित्रही येणार नाहीत.
- निदान करणं किंवा प्रमाणपत्र देणं. समुपदेशनाची पदविका म्हणजे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा परवाना नव्हे, त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. शिक्षक 'हा एडीएचडी आहे ना?' विचारतात. 'तपासून घ्यायला पाठवते' एवढंच आपलं उत्तर. अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात आहे, पण परीक्षेतल्या सवलतीचं प्रमाणपत्र अधिकृत वैद्यकीय यंत्रणा देते, आपलं लेटरहेड नाही.
- दीर्घ उपचार. आठ-दहा भेटींनंतरही मूल तिथेच असेल तर ते बाहेर पाठवायचं प्रकरण आहे.
- फी थकलेल्या पालकांना फोन करणं. हसू नका, मला सांगितलं गेलं होतं.

अकरावीला मानसशास्त्र शिकवायलाही तुम्हालाच उभं करत असतील, तर त्याच वर्गातल्या मुलांना व्यक्तिगत भेटायचं कोणी, हे आधी लिहून ठेवा. गुण देणारा हात आणि ऐकणारा कान एकाच माणसाचे असले की मूल तोलूनमापून बोलतं.

थांबा: प्रत्येक 'करत नाही'पुढे 'मग कोण करतं' हे लिहिलंय का? शिस्त: को-ऑर्डिनेटर. प्रमाणपत्र: सरकारी रुग्णालय. नुसता नकार परत तुमच्याच दारात येतो, पत्ता दिला की माणूस तिकडे जातो.

३. शाळा उघडण्याआधी: पटवण्याचा क्रम

प्राचार्य, मग को-ऑर्डिनेटर, मग स्टाफ, मग पालक, सर्वांत शेवटी मुलं. हा क्रम मोडायचा नाही. मुलांना आधी सांगितलंत आणि प्राचार्यांनी नंतर फाईल मागितली, तर खोटं तुम्ही पडता.

प्राचार्यांकडे जाताना तक्रार घेऊन जाऊ नका, शाळेची गरज घेऊन जा. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत देशभर लागू होणारी मार्गदर्शक तत्त्वं दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. मूल तातडीने तज्ज्ञाकडे पाठवण्याची लेखी पद्धत असावी. हेल्पलाइनचे क्रमांक ठळक लावावेत. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावं. कोचिंगवालेही यात येतात, भंवरकुआँसारखा कोचिंग क्लासचा भाग असलेल्या शहरात हे वेगळं सांगायला नको. आता वाक्य असं ठेवा: 'मॅडम, लेखी पद्धत शाळेला तशीही लागणार आहे, मी मसुदा करून आणलाय.' आता तुमचा कागद हे प्राचार्यांचंच काम झालं.

बैठकीत सही मागायची घाई नको, माणूस सावध होतो. घरी येऊन त्याच संध्याकाळी ईमेल करा: 'आज ठरल्याप्रमाणे…' आणि खाली पाच ओळी. उत्तर 'ओके' आलं तरी चालेल. उत्तर आलंच नाही तर आठवड्याने त्याच ईमेलवर पुढचा प्रश्न विचारा, म्हणजे साखळी राहते.

स्टाफसमोर दहा मिनिटं पुरतात. त्यातली सात मिनिटं 'मूल माझ्याकडे कसं पाठवायचं' यावर घाला, तीन 'काय करत नाही' यावर. उलट केलंत की मागच्या बाकावरून टोमणा येणारच.

४. गोपनीयता: काय सांगायचं, कुठे थांबायचं

चुका सर्वांत जास्त इथेच होतात, आणि त्या दोन्ही बाजूंनी होतात.

पहिली चूक: 'तू जे सांगशील ते माझ्यापाशीच राहील.' हे वचन कधीच देऊ नका, मूल कितीही रडत असलं तरी. पहिल्या भेटीत, त्याने तोंड उघडायच्या आधी, साध्या शब्दांत तीन अपवाद सांगा. मी असं सांगते: 'आपलं बोलणं मी कोणाला सांगत नाही. तीन वेळा सांगावं लागतं. तू स्वतःला इजा करशील असं वाटलं तर, दुसऱ्या कोणाला इजा होईल असं वाटलं तर, आणि कोणी मोठं माणूस किंवा दुसरं कोणी तुझ्याशी वाईट वागत असेल तर. तेव्हाही तुला सांगूनच सांगेन.' मग त्याला विचारा, तीन कुठले? त्याने स्वतःच्या शब्दांत सांगितले तर समजलं. मान हलवली म्हणजे समजलं, असं नाही. आठवीच्या खालच्या मुलांना हे दर दोन-तीन भेटींनी पुन्हा सांगावं लागतं.

दुसरी चूक पॉक्सोबद्दलची. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरुद्धच्या २०१२च्या या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडेल अशी भीती वाटली, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कलम २१ प्रमाणे न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. प्राचार्यांना सांगितलं की आपलं काम झालं, हा आपल्याकडचा सर्वांत महागडा गैरसमज आहे. प्राचार्यांना जरूर सांगा, पण तुमची जबाबदारी तिथे संपत नाही. 'आधी आपण आतल्या आत चौकशी करू' असं कोणी म्हणालं तर 'कायद्यात तशी पायरी नाही' हे शांतपणे म्हणा. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला याच कायद्याचं संरक्षण आहे. मुलाला खोदून खोदून विचारू नका, पुन्हा पुन्हा सांगायला लावू नका. त्याने जे म्हटलं ते त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहा आणि थांबा.

यातला सर्वांत नाजूक भाग अकरावी-बारावीच्या मुलामुलींचा. या कायद्यात अठराच्या आतल्यांची संमती संमती धरत नाहीत. मैत्री, प्रेम, चिठ्ठ्या यांत गुन्हा नाही, पण शारीरिक संबंधांचं कळलं तर कळवायची जबाबदारी येते. तीन अपवाद आधी सांगायचे ते यासाठीही. बोलून झाल्यावर अट सांगितली तर त्या मुलीला तो विश्वासघातच वाटेल, आणि तिचं चुकणार नाही.

थांबा: मुलाला 'पालकांना कधीच कळणार नाही' असंही सांगू नका. मूल अल्पवयीन आहे, पालकांचे हक्क आहेत. 'काय सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू' हे खरं आहे आणि पाळता येतं.

५. शिक्षकांशी देवाणघेवाण: दोन चिठ्ठ्या

आता माझी फजिती. पहिलं वर्ष, सातवीतला एक मुलगा. डबा न खाता परत नेतो म्हणून वर्गशिक्षिकेने पाठवला होता. तीन भेटींनंतर तो घरचं बोलला. त्याच दिवशी स्टाफरूममध्ये चहा ओतता ओतता बाईंनी विचारलं, 'काय म्हणाला?' मी म्हटलं, 'काही नाही हो, घरी जरा ताण आहे.' सात शब्द. पुढच्या पीटीएममध्ये, म्हणजे पालक-शिक्षक सभेत, बाईंनी वडिलांना काळजीपोटी विचारलं, 'घर में कुछ टेंशन है क्या, काउंसलर मॅडम बता रही थीं.' त्यानंतर कॉरिडॉरमध्ये तो मुलगा समोरून आला की माझ्या चपलांकडे बघत जायचा. परत कधी आला नाही.

बाईंचा हेतू चांगलाच होता. चूक माझी, मी चहाबरोबर माहिती वाटली. तेव्हापासून सगळं चिठ्ठीवर.

पाठवायची चिठ्ठी शिक्षक भरतात. त्यात फक्त 'काय दिसलं' विचारा: डबा खात नाही, तीन आठवड्यांत चार वेळा वही कोरी, शेवटच्या बाकावर झोपतो. 'का' असा रकाना ठेवू नका. ठेवलात तर 'आई नोकरी करते' असली उत्तरं येतात.

उत्तराच्या चिठ्ठीत तीनच गोष्टी असतात: भेट झाली, पुढे भेटणार आहोत किंवा नाही, वर्गात तुम्ही एवढं करा. 'त्याला पुढच्या बाकावर बसवा, सर्वांसमोर वही तपासू नका.' शिक्षकांना खरं तर हेच हवं असतं, आतली गोष्ट नव्हे. हाताला काम मिळालं की कुतूहल निम्मं होतं.

तपासा: चिठ्ठी मोकळी फिरत नाही ना? वर्गातल्या मुलाच्या हातून कधीच पाठवू नका. वाटेत वाचली जाते, आणि वाचणारा ती पाठही करतो.

६. नोंदी

थोडक्यात सांगते. दोन वह्या. एकात भेटींचे आकडे, वर्ग आणि कामाचा प्रकार, ही शाळेची, कोणीही बघावी. दुसरी मुलाची फाईल, नावाऐवजी क्रमांक, कुलपात, किल्ली तुमच्याकडे आणि बंद पाकिटात एक प्राचार्यांकडे. फाईल कधी, कोणासमोर उघडायची हे भूमिकेच्या कागदावर एका ओळीत असू द्या. फाईलमध्ये 'आई विचित्र वाटली' असली मतं लिहू नका. न्यायालयाने मागवली तर जशीच्या तशी जाते. शाळेच्या सामायिक कॉम्प्युटरवर किंवा स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलाचं नाव कधीच नाही, आद्याक्षरंही नाहीत. सातवीत 'अ. कु.' किती असतात?

७. पालक, आणि आपली माणसं

पालकांसाठी भेटीची वेळ ठरलेली असावी, नंबर शाळेचा. माझा खाजगी नंबर मी पहिल्या वर्षी दिला आणि रात्री साडेदहाला 'मॅडम, ये सो नहीं रहा' असे फोन घेतले. आता डायरीत शाळेचा नंबर आहे, आणि शाळेबाहेरच्या वेळेसाठी मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलि-मानस १४४१६ आणि मुलांसाठीची चाइल्डलाइन १०९८. दोन्ही चोवीस तास.

पण इंदुरात आपल्या मराठी माणसांना यापेक्षा अवघड पेपर असतो. रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, फिरून फिरून तीच घरं. मुलाची आजी तुमच्या सासूबाईंच्या भजनी मंडळात असते. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात कॉफीच्या रांगेत त्याची आई गाठते: 'अगं, आमच्या चिन्मयचं काय चाललंय? तू तर घरचीच.' हे 'घरचीच' म्हणजे फास आहे, आणि तो प्रेमाने टाकलेला असतो, म्हणून जास्त घट्ट बसतो. (चिन्मय हे नाव अर्थात कोणाचंच नाही.)

यासाठी तयारी आधीच करायची:

जूनमध्ये वर्गांच्या याद्या आल्या की स्वतःशी खूण करा, कोणती मुलं नात्यातली, शेजारची, मंडळातली. त्यांच्यातलं कोणी आलं तर पहिली भेट घ्या, पण पुढे बाहेरच्या समुपदेशकाकडे किंवा शाळेत दुसरी असेल तर तिच्याकडे द्या. तेवढी सोय नसेल तर मुलाला स्पष्ट विचारा: 'आपली घरं ओळखीची आहेत. तुला चालेल का?' सोळा वर्षांचं मूल याचं उत्तर बरोबर देतं.

बाहेर भेटल्यावर मुलाला आधी ओळख दाखवू नका. त्याने हात हलवला तर हलवा. हेही पहिल्या भेटीत सांगून ठेवा, नाहीतर मूल म्हणेल मॅडमनी तोंड फिरवलं.

आणि कॉफीच्या रांगेसाठी एक वाक्य आरशासमोर म्हणून ठेवा. माझं असं आहे: 'काकू, शाळेचं मी इथे बोलले तर उद्या तुमच्याबद्दलही कुठे बोलेन. मंगळवारी या ना, निवांत बसू.' यात काकू दुखावत नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी मंडळात सांगतात की ती काही बोलत नाही हो. तेवढी जाहिरात फुकटात होते. सासूबाईंना मात्र वेगळं सांगावं लागलं आणि त्याला दोन गणपती गेले.

भेटवस्तू: फराळाचा डबा स्टाफरूममध्ये उघडा, बाकी काही घेऊ नका. खाजगी शिकवणी किंवा घरी सशुल्क समुपदेशन शाळेच्या मुलांना नाही, कोणी कितीही गळ घातली तरी.

८. तातडीचा दिवस: हद्द कशी ओलांडायची

एखादं मूल म्हणालं की मरावंसं वाटतं, आणि त्याच्याकडे कसं, कधी याचा बेत आहे, तर वरचे तास, चिठ्ठ्या, अरेंजमेंट सगळं बाजूला. मात्र तेव्हाही सगळं तुम्ही एकटीने करायचं नाही. ही साखळी आधीच भिंतीच्या आतल्या बाजूला लावलेली असावी:

मुलाला एकटं सोडायचं नाही, बाथरूमलाही नाही. दुसऱ्या माणसाला बोलवायचं. त्या माणसाने प्राचार्यांना कळवायचं. पालकांना शाळेत बोलवायचं, फोनवर तपशील सांगायचे नाहीत. पालक आले की मूल त्यांच्या ताब्यात देताना घरात काय काढून ठेवायचं ते सांगायचं: औषधं, कीटकनाशक, ओढण्या-दोर. त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ: एम. वाय. रुग्णालय किंवा बाणगंगेचं मानसिक चिकित्सालय, किंवा पालकांच्या पसंतीचे डॉक्टर. घरीच धोका असेल, तर पालकांऐवजी बालकल्याण समिती आणि १०९८. शेवटी, सगळं झाल्यावर, त्याच संध्याकाळी वेळा घालून लिहून काढायचं.

नेहमीची चूक: मूल शांत झालं, हसलं, म्हणून 'उद्या बोलू' म्हणत बसमध्ये बसवणं. हसलं तरी साखळी पूर्ण करा.

दुसरी चूक आपलीच: असा दिवस झाल्यावर दुसऱ्या सकाळी पहिल्या पिरियडला वर्गावर जाणं. प्राचार्यांशी आधीच ठरवून ठेवा की त्यानंतरचा अर्धा दिवस तुम्हाला मोकळा.

९. ऑक्टोबर आणि मार्च

अर्धवार्षिक परीक्षेनंतर एप्रिलची वही पुन्हा दहा दिवस भरा. आकडे शेजारी शेजारी ठेवून प्राचार्यांकडे पंधरा मिनिटं मागा. हद्द सहसा कोणी एका झटक्यात मोडत नाही, 'बस आज के दिन' करत सरकते. माझी ऑक्टोबरमध्ये हमखास दोनाची चार अरेंजमेंट झालेली असतात. मी भांडत नाही, वही सरकवते.

प्राचार्य बदलले तर तिसऱ्या पायरीपासून पुन्हा. जुना ईमेल पुढे पाठवा, पण 'आधीच्या मॅडमनी मान्य केलं होतं' हे वाक्य त्यात घालू नका.

मार्चमध्ये फायली लावा: कोणाचं काम संपलं, कोण पुढच्या सत्रात येणार, कोण शाळा सोडतंय. तुम्हीच नोकरी सोडत असाल तर चालू असलेल्या प्रत्येक मुलाला निदान दोन भेटी आधी सांगा आणि फाईल कोणाच्या हाती जाणार ते विचारून घ्या. किल्ली देताना पोच घ्या. शाळेचं सिमही परत करायचं असतं, ते मी विसरले होते आणि जूनमध्ये साडेदहाला पुन्हा फोन आला.